तान्ह्या पोळ्याचा तांदूळ

"आई, मी चौकात लटकून राहिली," दारातूनच टिंकूने खबर दिली.

भूमिका ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तान्ह्या पोळ्याची सकाळ होती. आदल्या दिवशीच्या मोठ्या पोळ्याची झूल अजून वळणीवर होती, आणि गोठ्यातले बैल रंगवलेली शिंगं भिंतीला घासत सुट्टी काढत होते. टिंकूच्या हातातला दह्याचा गंज अर्धा सांडला होता. नऊ वर्षांची ही पोर कुठूनही धावतच यायची, म्हणून फुंड्यांच्या घरात दही नेहमी दुप्पट मागवत.

"मग उतर खाली," भूमिका सुपावरची नजर न काढता म्हणाली.

"मी नाही, माहा फोटो. टकलावाला. मोठेबाबाचा त्याच्याहून मोठा हाये. श्यामलालकाकाचाबी हाये, गॉगल लावून."

सूप जागच्या जागी थांबलं.

"अना मले दवाखान्यातला निळा झगा घातला हाये," टिंकू तक्रारीच्या सुरात म्हणाली. "माह्याजवळ पिवळा फ्रॉक होता, तं तो नाही घातला."

भूमिका उठली, पायात चपला न घालताच चौकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. फ्लेक्स पिंपळाला बांधला होता. वर मोठ्या अक्षरात 'कॅन्सरवर मात करणारी बोरटोल्याची वाघीण'. खाली तिची टिंकू, साडेपाच वर्षांची, डोक्यावर एक केस नाही, नाकाला पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंना हात जोडलेली गावातली माणसं, आणि मधोमध योगराज, टिंकूचा मोठेबाबा, जणू मात त्यानेच केली होती. त्याखाली लिहिलं होतं, की आज तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या कॅन्सरग्रस्त बालकांसाठी तांदूळ गोळा होणार, सर्वांनी सढळ हाताने मदत करावी, फुंडे परिवार, बोरटोला, तालुका आमगाव.

तांदळाची गोष्ट खरी होती. ती भूमिकेचीच होती. पण तो एक शब्द तिने साडेतीन वर्षं गावात उच्चारला नव्हता. टिंकूला कावीळ झाली, कावीळ उलटली, काविळीसाठी नागपूरला न्यावं लागतं, असंच ती सांगत आली होती. दवाखान्यातून घरी आली की पोरीच्या डोक्याला रुमाल, तोंडाला फडकं. कोणी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरनं हवा लागू देऊ नका म्हटलं. औषधं बंद होऊन आता वर्ष उलटलं होतं. केस परत आले होते, आधीपेक्षा दाट आणि जरा कुरळे. मागच्या महिन्यात तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता सहा महिन्यांनी आणा. त्या दिवशी बसमध्ये भूमिका आमगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहून हसत होती.

आणि आता पिंपळावर हे.

घरी आली तेव्हा ओसरीवर सगळे गोळा झाले होते. सासरे चुन्नीलाल लाकडी नंदीच्या चाकाला तेल देत होते. सासू देवकाबाई करंज्यांचं सारण घेऊन बसली होती. नवरा ओमेश राइस मिलमधून सुट्टी काढून आलेला, दाराच्या चौकटीला टेकून उभा. आणि योगराज खाटेवर, नवा पांढरा सदरा घालून, चहाची बशी हातात.

भूमिकेने डोक्यावर पदर ओढला. फुंड्यांच्या घरात धाकटी सून भासऱ्याशी बोलत नसे. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर पदर आणि बंद तोंड ही रीत देवकाबाईनेही पाळली होती, तिच्या सासूनेही. बारा वर्षं झाली लग्नाला, भूमिका योगराजशी एक शब्द थेट बोलली नव्हती. काही सांगायचं झालं की मधे कोणीतरी लागे. कोणी नसलं तर मांजराला उद्देशून सांगायची, आणि योगराज मांजरालाच उत्तर द्यायचा.

"टिंकू," ती म्हणाली, "तुह्या मोठेबाबाले विचार, हा फोटो कोनाले विचारून लावला."

टिंकू वळली. "मोठेबाबा, आई म्हनते..."

"आयकलं मी," योगराज म्हणाला. "सांग तुह्या आईले, आबाजीले दाखवला होता. त्यायनं पास केला."

सगळ्यांनी चुन्नीलालकडे पाहिलं. म्हाताऱ्याने तेलाची बाटली खाली ठेवली.

"मोबाइलात दाखवला होता," ते म्हणाले. "ऊन होतं, अना चश्मा घरी. मले वाटलं बैल हाये. मी म्हटलं, मस्त हाये, फक्त शिंगं लहान दिसून राहिले."

"शिंगं कोनाचे?" देवकाबाईने विचारलं.

"याचेच असतीन," चुन्नीलाल योगराजकडे बोट करून म्हणाले.

ओमेशला हसू आलं. बायकोचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"टिंकू," भूमिका म्हणाली, "मोठेबाबाले सांग, आपलं ठरलं होतं का पोराईनं नंदी घेऊन घरोघरी जाचं, बोजाऱ्याच्या पैशासंगं वाटीभर जुना तांदूळ मागाचा, अना कोनी विचारलं तं अन्नदान म्हनाचं. बस. एवढंच ठरलं होतं."

"मोठेबाबा, आई म्हनते ठरलं होतं एवढंच," टिंकूने लांबलचक निरोपाचं शेपूट तेवढं पोचवलं.

"सांग तुह्या आईले, अन्नदान म्हटलं तं लोक वाटीभर देतेत. कॅन्सरवाले लेकरं म्हटलं तं पायलीभर देतीन. खरं सांगाले कायले भ्याचं?"

"सांग ना," देवकाबाई सारणातून हात न काढता म्हणाली. "आता पोरगी बरी झाली. आता लपवून का करतेस, बाई? आता तं मिरवाची गोष्ट हाये."

भूमिका सासूकडे पाहत राहिली. साडेतीन वर्षांपूर्वी याच ओसरीवर, याच बाईने तिच्या हाताला धरून सांगितलं होतं, की भिंतीलाही कळू देऊ नको. तेव्हा योगराजच्या मुलीचं, मोनालीचं, गोरेगावच्या पाहुण्यांशी जुळत होतं. घरात असा रोग आहे म्हटलं तर पाहुणे उठून जातील. रक्तातला आहे म्हटलं तर मोनालीच्याही रक्तात शोधतील. भूमिकेने ऐकलं. मोनाली तिची लाडकी होती. मग मोनालीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, आणि खोटं तसंच राहून गेलं. रोज पाणी भरावं तसं भूमिका ते रोज भरत राहिली.

तेवढ्यात आतून नीला आली, योगराजची बायको, हातात लाटणं. सगळ्यांना वाटलं ती नवऱ्याच्या बाजूनं बोलेल. गेल्या दिवाळीपर्यंत दोघी जावा चुलीवरूनही भांडत होत्या.

"मी पाहून आली तो फ्लेक्स," नीला म्हणाली. "तुमचा फोटो केवढा, पोरीचा केवढा? बिमारी कोनाले झाली होती?"

"तो डिझाइनवाल्यानं मोठा केला," योगराज म्हणाला.

"त्यानं तुमाले इलेक्शनले बी उभं केलं असन मग."

"इलेक्शनचा काही संबंध नाही यात."

"खाली लिहून काऊन हाये मग, 'आपला माणूस, हक्काचा माणूस'?"

योगराजने बशीतला चहा एका घोटात संपवला. टिंकूला मजा वाटत होती. ती कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे पाहत होती, पुढचा निरोप कोणाला द्यायचा याची वाट बघत.

"टिंकू," भूमिका म्हणाली, "मोठेबाबाले सांग..."

आणि ती थांबली. पोरीचं तोंड वर झालेलं होतं, डोळे चमकत होते. हिच्या तोंडून हे कसं पाठवायचं? हा निरोप नऊ वर्षांच्या लेकराच्या हाती देण्यासारखा नव्हता.

"टिंकू, तू जा, नंदीले माळ घाल."

पोर गेली. भूमिकेने पदर नीट केला आणि मान वर करून सरळ खाटेकडे पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली.

देवकाबाईचा हात सारणात थांबला. योगराजने दचकून मागे पाहिलं, जणू आणखी कोणी योगराज तिथे बसला असावा.

"भाऊजी, तुमच्या मोनालीचं जुळत होतं तेव्हा तुमी सगळ्यायनं म्हटलं चूप राह्य. मी चूप राहिली. माह्या मायले बी मी काविळच सांगतली. ते काविळीचं झाडपाल्याचं औषध आनून देत होती, अना मी तिच्या माघारी मोरीत फेकून देत होती. पोरगी दवाखान्यात ओकून राहे, अना इकडून फोन आला का मी हसून सांगो, काविळ उतरून राहिली. गल्लीतले लेकरं येनं बंद झाले. गुलाबकाकूनं तं आपला नातू उंबऱ्याच्या आत येऊ देला नाही. मले वाटे, यायले वास लागला असन. तरी मी चूप. अना आता तुमच्या पोरीचा संसार लागला, तं माह्या पोरीले तुमी चौकात बांधलं. मले न विचारता. उद्या तिचं जुळाच्या वेळेस मी कोनाच्या पाया पडू?"

गोठ्यात बैलाने नाक फुरफुरलं. ओमेश चौकटीपासून दोन पावलं पुढे आला आणि बायकोच्या बाजूला उभा राहिला. बारा वर्षांत तो असा उभा राहिल्याचं भूमिकेला आठवत नव्हतं.

योगराजने बशी खाटेखाली ठेवली.

"बरोबर हाये," तो म्हणाला. "तेव्हा मी पहिले आपलंच पाह्यलं. ते मले रोज टोचते. माफी मागाची कशी ते मले येत नाही, बाई. मले फ्लेक्स लावता येते. म्हनून तो लावला."

"अना फोटो मधात कोनाचा लावला?" नीला म्हणाली.

"तेवढं चुकलं," योगराज म्हणाला. "तिथं सवय आडवी आली."

मग तो उठला, गोठ्यामागची शिडी खांद्यावर घेतली आणि ओमेशला म्हणाला, "चाल रे, काढून टाकू."

"किती लावले?"

"पाच. हा एक, रेल्वे फाटकाजवळ एक, गोरेगाव रोडले एक, देवरी रोडले एक, अना आमगाव स्टँडवर एक."

"स्टँडवर बी?"

"स्टँडवरचा लय मोठा हाये," योगराज खाली मान घालून म्हणाला. "तो काढाले संध्याकाळ होईन."

दुपारपर्यंत चौकातला आणि फाटकाजवळचा उतरला. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, आणि त्याखाली गावातली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी होती. कोणाचा नंदी वीतभर, कोणाचा गुडघ्याएवढा. कोणी शंकर झालेला, कोणी पोलीस, एक पोरगी डोक्यावर टोपली घेऊन भाजीवाली झाली होती. टिंकूचा नंदी सगळ्यांत जुना. तो चुन्नीलालच्या बापाने सागवानाच्या ओंडक्यातून कोरलेला, एक कान तुटलेला. यंदा चुन्नीलालने त्याच्यामागे दोन चाकांची एक लहानशी बंडी जोडली होती, तांदळासाठी.

ही बंडी कशासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरला दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक धर्मशाळा आहे. लेकराला घेऊन आलेले आईबाप तिथे राहतात, कोणी बालाघाटचे, कोणी गडचिरोलीचे, कोणी पार आदिलाबादचे. टिंकूच्या तोंडात फोड आले तेव्हा पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. भूमिकेने घरून नेलेल्या जुन्या चिन्नोर तांदळाची पेज केली, पातळ, मिठाचा एक कण टाकून. ती टिंकूने प्याली. वास सुटला तशी बाजूच्या खोलीतली पोरगी येऊन उभी राहिली, मग आणखी एक. नव्या तांदळाचा भात गोळा होतो, त्या लेकरांच्या पोटाला जड जातो. जुन्या तांदळाची पेज कशी मऊ, दुधासारखी होते. थैली आठ दिवसांत संपली, ओमेशने दुसरी पोचवली, मग तिसरी. धर्मशाळेत स्वयंपाक पाहणारी दीप्तीताई निघताना म्हणाली होती, "वहिनी, तुमच्या धानाच्या मुलखातून कधी जमलं तर पाठवा. इथं पैसे देणारे भेटतात, जुना तांदूळ देणारं कोणी भेटत नाही." भूमिकेने हो म्हटलं होतं. एका घरचा तांदूळ कितीसा पुरणार, म्हणून यंदा तान्ह्या पोळ्याचा बेत.

पण आता तोरणाखाली उभं राहून तिला वाटत होतं, पोरीचा हात धरावा आणि दार लावून घरात बसावं. चौकातला फ्लेक्स सकाळी पाच तास लटकला होता. अख्ख्या गावाने वाचला असणार.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "यंदा राहू द्या. पुढच्या साली पाहू."

"पोरीले विचार," चुन्नीलाल म्हणाले.

पण पोर कुठे होती? तोरण तोडून पोळा सुटला होता, आणि टिंकू कान तुटलेला नंदी ओढत सगळ्यांच्या पुढे निघालीसुद्धा होती. बंडी खडखडत होती. भूमिका पदर सावरत मागे धावली.

पहिलंच घर गुलाबकाकूंचं. घराच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेलं धम्मचक्र, दारात पिंपात भरून ठेवलेलं पाणी. काकू तांदळाची पायली भरून तयारच बसल्या होत्या. दोन वर्षं भूमिका या दारासमोरून मान वळवून गेली होती.

टिंकू म्हणाली, "काकूआजी, बोजारा."

काकूंनी आधी नंदीपाशी उभ्या असलेल्या सगळ्या पोरांच्या हातावर एकेक नाणं ठेवलं. मग पायली बंडीत ओतली, आणि आणखी एक भरून आणली.

"जुना हाये," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांचा. नागपूरच्या कॅन्सरवाल्या लेकराईले पेज चांगली होईन."

"अन्नदानासाठी..." भूमिकेच्या तोंडून सवयीने निघालं.

"अन्नदान म्हन. कायबी म्हन," काकू म्हणाल्या. "का वं भूमिका, काविळीले कोनी अडीच साल नागपूरले जाते काय? काविळीत केस जातेत काय?"

भूमिकेने विचारलं, "तुमी फ्लेक्स वाचला?"

"फ्लेक्स आज लागला. मले तीन सालापासून माहीत हाये."

"कोनी सांगतलं?"

गुलाबकाकूंनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. भूमिका वळली. चुन्नीलाल एकदम नंदीचं चाक तपासायला लागले होते.

"मामाजी?"

"मी फक्त गुलाबले सांगतलं होतं," चुन्नीलाल म्हणाले.

"खोटं नोका बोलू जी," पलीकडच्या दारातून श्यामलाल म्हणाला. "मले तुमी पाराजवळ बसून सांगतलं. शपथ घातली. म्हटलं, फक्त तुलेच सांगून राहिलो."

"मलेबी 'फक्त तुले'च होतं," त्याच्या मागून त्याची बायको म्हणाली.

"अना बकारामले?" श्यामलालने विचारलं.

"बकारामले शेतात सांगतलं," चुन्नीलालनी कबूल केलं. "घरात शब्द काढाले मनाई होती. पोटात मावत नव्हतं, बाई. एकेकाले सांगतलं. प्रत्येकाले शपथ घातली का भूमिकेले कळू देऊ नोका का तुमाले कळलं."

म्हणजे हे असं होतं. भूमिका गावापासून लपवत होती, आणि अख्खं गाव तिच्यापासून लपवत होतं.

"मंग तुमी नातवाले आमच्या घरी काऊन येऊ देत नव्हते?" तिने काकूंना विचारलं. आवाजात दोन वर्षांचं सगळं होतं.

"त्याचं नाक बारा महिने वाहते," काकू म्हणाल्या. "डॉक्टरनं का म्हटलं होतं तुमाले? सर्दीखोकल्याचं मानूस पोरीजवळ नोको म्हटलं होतं ना? चुन्नीलालभाऊनं ते बी सांगतलं. मी त्याले बांधून ठेवो, तं तो रडे. श्यामलालनं दोन साल आपल्या दारात धान उपनलं नाही, कोंडा उडते म्हनून. गावाबाहेर नेऊन उपने. आमी काय तुले ते सांगत बसू? तू तं काविळ म्हनत होती."

भूमिकेला हसू आलं, आणि हसताहसता पदर डोळ्यांना लावावा लागला. गुलाबकाकू उठल्या, तिच्या हनुवटीला हात लावला आणि लगेच म्हणाल्या, "चाल, हो पुढं. रांग मोठी हाये."

पुढच्या घरांतून तांदूळ वाटीने आलाच नाही. बंडी चौथ्या घरी भरली. मग शेतशेजारी बकारामने आपली खरी बंडी काढली, काल पूजलेल्या बैलांना मात्र जुंपायचं नाही म्हणून ती माणसांनी ओढली. योगराज जुवाला लागला तेव्हा नीला म्हणाली, "हा फोटो काढा कोनीतरी." आणि योगराज चिडला नाही.

चार वाजता सगळी वरात फुंड्यांच्या अंगणात आली. पोती ओसरीला लावली, पोरांना करंज्या आणि चिवडा वाटला. अंगणात वीसपंचवीस पोरांचा नुसता कल्ला. नंदीच्या शर्यती लागल्या होत्या, शंकराचा साप तुटला होता, भाजीवालीची भांडणं चालू होती. सकाळी सुपावरून उठलेली भूमिका आता खाली बसली आणि नीलाने दिलेल्या पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

तेव्हा अंगणाच्या फाटकात एक बाई उभी दिसली. तिशीच्या आतली, पातळाच्या घड्या बसून बसून चुरगळलेल्या. खांद्यावर चारएक वर्षांची मुलगी झोपलेली, मान लोंबकळत होती. मागे एक तरुण, हातात कापडी पिशवी आणि एक्सरेचं मोठं पाकीट.

"फुंडेचं घर हेच काय जी?" तरुणाने विचारलं. "आमी देवरीकडचे. हे माही बहीन."

"याना, या," चुन्नीलाल म्हणाले. "पानी द्या यायले."

बाई ओसरीपर्यंत आली, पण बसली नाही. "गोंदियाले गेलो होतो, रिपोर्ट आनाले," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनते रक्ताचा हाये, नागपूरले न्या. घरी सासऱ्यानं फोनवर सांगतलं, कायले नेता, त्या रोगातून कोनी परत येत नाही, घरी घेऊन या. आमी घरीच चाललो होतो. आमगावले बस थांबली, तं स्टँडवर तो मोठा फोटो दिसला. भावानं वाचून दाखवला." तिने भोवती पाहिलं. "ते पोरगी... ते खरंच हाये काय? का असेच लावतेत फोटो?"

अंगणातल्या बायांपैकी कोणीच भूमिकेकडे पाहिलं नाही. मुद्दाम इकडेतिकडे पाहिलं. साडेतीन वर्षांची सवय होती ती, भूमिका जे म्हणेल तेच आपल्याला माहीत. ती आता कावीळ म्हणाली असती तर या बायांनी काविळीलाच मान डोलावली असती.

भूमिकेने गिलास खाली ठेवला.

"खरं हाये," ती म्हणाली. "माही पोरगी हाये ते. तिले कॅन्सरच झाला होता, रक्ताचाच. अडीच साल औषध चाललं. आता बंद हाये."

शब्द बाहेर पडला आणि अंगणात काहीच झालं नाही. पोरं ओरडतच होती. एक नंदी कोणाच्या तरी पायावरून गेला.

"कुठं हाये ते?" बाईने विचारलं.

"इथंच हाये. यातलीच एक. तुमीच ओळखा."

देवरीची बाई अंगणाकडे वळली. ती पाहू लागली, एकेका पोरीकडे, नीट, वेळ घेऊन. झोपलेल्या मुलीला तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिची नजर फिरत फिरत भाजीवालीवर थांबली. अंगाने काडी, गालफडं बसलेली, भिंतीला टेकून एकटीच करंजी खात होती.

"हे?"

"ते माही हाये," श्यामलालची बायको म्हणाली. "तिले काही झालं नाही. जेवतच नाही मेली."

अंगणभर हशा उठला. बाईसुद्धा ओशाळून हसली, आणि पुन्हा शोधू लागली. तिने आणखी एक बोट दाखवलं, तेही चुकलं. तेवढ्यात पेरूच्या झाडावरून एक पोरगी धपकन खाली आली, पिवळ्या फ्रॉकच्या ओच्यात कच्चे पेरू, आणि पोलीस झालेल्या पोराच्या पाठीत एक गुद्दा घालून पळाली. तिचे कुरळे केस तोंडावर आले होते. बाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती अजून आजारी पोरगी शोधत होती.

भूमिकेने तिच्या कोपराला हात लावला. "ते पाहा, जे मारून पळून राहिली ते."

बाई पाहत राहिली. टिंकू चुलीमागे गेली, दुसऱ्या बाजूने निघाली, पोलिसाला जीभ दाखवली आणि परत पळाली. तिच्या भावाने हातातलं एक्सरेचं पाकीट ओसरीच्या कडेला ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसला.

"सासऱ्याले काय सांगू?" बाईने शेवटी विचारलं.

"सासऱ्याशी माहे सासरे बोलतीन," भूमिका म्हणाली. "त्यायले सांगता लय चांगलं येते."

चुन्नीलालनी खाकरून फोन मागितला.

"तुमी आज इथंच राहा. लेकराले पहिले काही खाऊ घाला, तोंडात फोड हायेत काय? मंग पेज करतो." भूमिका पोत्याकडे गेली, सुतळी सोडली आणि ओंजळभर तांदूळ काढला. "नव्या पेशंटचा नंबर मंगळवारी लागते. कागद सगळे एका फाइलीत ठेवा, एकबी फेकू नोका. सुती दुपट्टे घ्या, दोनतीन. केस जातीन तेव्हा घाबराचं नाही, ते परत येतो सांगूनच जातेत." ती ओसरीवर थांबली आणि वळून ओमेशला म्हणाली, "मिलमधून टेम्पो भेटन काय सोमवारी? पोते बी न्याचे हायेत. सगळेच संगं निघू."